जुना पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर: पोलीस ठाण्यातून परत आल्यापासून रेंजवर उभा राहीपर्यंतच्या नोंदी

वस्तू: स्मिथ अँड वेसन मॉडेल १७, म्हणजेच के-२२ मास्टरपीस. सहा इंची नळी, सहा घरांचं (काडतूस बसायच्या पोकळ्यांचं) सिलिंडर, .२२ लाँग रायफल काडतूस. वारसाहक्काने परवान्यावर चढलेला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या घरांत असे रिव्हॉल्व्हर अजून आहेत आणि बहुतेक बिघडलेले समजून पडून आहेत. त्यातले बरेच बिघडलेले नसतात, मळलेले असतात. हे आधी तपासा, मगच कुणाला कानस लावू द्या. एवढ्यासाठीच या नोंदी ठेवल्या आहेत.

१० जून २०२४

लोकसभेच्या आचारसंहितेत जमा केलेलं हत्यार परत मिळालं. मार्चच्या अखेरीला आत गेलं, मृग लागल्यावर बाहेर आलं. उन्हाळ्यातले वळवाचे पाऊस आणि जूनची पहिली दमट हवा, दोन्ही त्याने चामड्याच्या म्यानात काढली. जमा करताना म्यानासकट दिलं गेलं होतं, आणि सगळं नुकसान तिथेच झालं. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहतात. हवेतला ओलावा कातडं शोषतं आणि लोखंडाला चिकटवून ठेवतं.

गंज कुठे आहे ते पुसण्याआधी लिहून ठेवलं: नळीच्या उजव्या बाजूला म्यानाची शिवण टेकत होती तिथे बोटभर लांब पट्टा, सिलिंडरच्या दोन खाचांत ठिपके, चाप-कड्याच्या खालच्या वळणावर तांबूस पूड. मुठीखाली काय आहे ते अजून दिसत नाही.

पुढच्या वेळी जमा करायचं असेल त्यांच्यासाठी: म्यान घरी ठेवा. हत्यार तेलाचा हात फिरवून, व्हीसीआय कागदात (गंज रोखणाऱ्या रसायनाचा कागद) गुंडाळून, वर जाड प्लास्टिकची पिशवी. पावतीवर नंबर, बोअर (नळीचं माप) आणि दिसणारी स्थिती लिहून घ्या. आपल्या उद्यमबागेतले कारखाने यंत्रावर कातलेले सुटे भाग बाहेरगावी पाठवताना याच कागदात बांधतात, त्यामुळे तो आपल्याकडे सहज मिळतो. पाच-सहा फूट तुकडा पुरतो.

१२ जून

कामाला हात लावण्याआधी कागदपत्रं. परवान्याची मुदत, हत्याराचा नंबर, बोअर आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे परवाना कुठल्या क्षेत्रात चालतो तो रकाना. सीमाभागात राहणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल तर शिनोळीला पोचलात की तुम्ही महाराष्ट्रात विनापरवाना हत्यार बाळगताय. निपाणीहून कागलला जाताना तेच, चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात उतरताना तेच. कोल्हापूरचा कारागीर हुबळीच्या कारागिरापेक्षा ओळखीचा असेल, पण आपल्या परवान्यावर कर्नाटकच लिहिलंय, म्हणून काम हुबळीकडे न्यायचं ठरलं.

दुसरी गोष्ट: स्वच्छता मालकाने करावी, दुरुस्ती नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि चाचणी हे त्या कामाचा वेगळा परवाना असलेल्याचं काम आहे. लेथवर कितीही चांगला हात असलेला माणूस शेजारी राहत असला तरी त्याच्या हातात हे द्यायचं नाही.

१६ जून

स्क्रू-ड्रायव्हरवर बराच वेळ गेला, आणि तो घालवायलाच हवा. हार्डवेअरच्या दुकानातल्या ड्रायव्हरचं पातं निमुळतं असतं, पाचरीसारखं. या स्क्रूंच्या खाचांच्या भिंती मात्र सरळ. निमुळतं पातं खाचेच्या वरच्या कडेवरच जोर देतं, निसटतं, आणि साठ वर्षं टिकलेल्या निळ्या पृष्ठभागावर ओरखडा काढून जातं. खाचेची रुंदी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली आणि तेवढ्या जाडीचं, दोन्ही बाजू समांतर असलेलं पातं उद्यमबागेतल्या एका टूलरूममधून घासून घेतलं. नेलं फक्त माप. हत्यार घरीच.

या रिव्हॉल्व्हरला साइडप्लेटचे (आतल्या यंत्रणेवरचं बाजूचं झाकण) तीन स्क्रू आणि चाप-कड्याच्या पुढे एक, असे चार. योकच्या (ज्यावर सिलिंडर बाहेर उघडतं तो हात) कोपऱ्यात 'मॉड-१७' एवढाच शिक्का, पुढे डॅश नाही. कंपनीने मॉडेल नंबर १९५७ पासून घालायला सुरुवात केली, म्हणजे बनावट त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतली. हा शिक्का फक्त हौसेने वाचायचा नाही. इजेक्टर रॉडचे (पुंगळ्या बाहेर ढकलणारी सळई) आटे सुलटे की उलटे, ते यावरून कळतं. १७-१ पासून आटे उलटे झाले. आपला साधा १७, म्हणजे आटे सुलटे. हे पुढे उपयोगी पडलं.

सिलिंडर काढण्याची रीत: आधी सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. साइडप्लेटचा सर्वांत पुढचा स्क्रू पूर्ण काढा. सिलिंडर डावीकडे उघडा, सिलिंडरवरची खाच फ्रेमच्या उंचवट्यासमोर येईल असं फिरवा आणि योकसकट पुढे सरकवा. एका हाताने सिलिंडर धरून ठेवा, नाहीतर ते योकवरून घसरून खाली पडतं. तो पुढचा स्क्रू वेगळ्या वाटीत. बाकीचे स्क्रू त्याच्यासारखेच दिसतात, पण योकच्या खोबणीत बसेल असा तोच घडवलेला असतो. अदलाबदल झाली तर योक सैल होतो किंवा सिलिंडर जड उघडतं.

सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने पाहिली: ०.१० मिमी. कागदावर उत्तम. पण सिलिंडरच्या तोंडावर काजळीची खरवड इतकी होती की हा आकडा धातूचा नाही, काजळीचा आहे. नोंदवून ठेवला, विश्वास ठेवला नाही.

मुठीच्या फळ्या काढल्या. खाली फ्रेमवर घामाने आलेला जुना, काळा पडलेला गंज. तो स्थिर आहे, वाढत नाहीये. त्याला छेडायचं नाही, तेल लावून ठेवायचं.

२३ जून

घरांची सफाई. पूर्ण कामातला सगळ्यांत जास्त वेळ इथे लागला आणि सगळ्यांत जास्त फरकही इथेच पडला.

तक्रार अशी होती: काडतूस शेवटचे दोन-चार मिलिमीटर दाबून बसवावं लागतं, बार झाल्यावर पुंगळ्या अडकतात, इजेक्टर रॉडवर तळहात आपटावा लागतो. घरात पूर्वापार समजूत अशी की 'घरं झिजली'. टॉर्च लावून आत पाहिलं तर प्रत्येक घरात, आतल्या पायरीच्या अलीकडे साधारण पाच मिलिमीटरवर, काळं कडं. कारण सरळ आहे. .२२ शॉर्टची पुंगळी १०.७ मिमी, लाँग रायफलची १५.६ मिमी. शॉर्ट काडतुसं मारली की त्यांच्या तोंडापुढे शिसं, मेण आणि काजळी साचते, आणि नंतर लांब पुंगळी नेमकी त्याच कड्यात जाऊन रुतते. घर झिजलेलं नाही, अरुंद झालंय.

पहिला उपाय, पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन. सिलिंडर रात्रभर बुडवून ठेवलं. जुनं तेल आणि मेण सुटलं, कडं जागचं हललं नाही. दुसरा उपाय, बंदुकीचं सॉल्व्हंट आणि .२२ चा फॉस्फर ब्राँझ ब्रश. घरात सॉल्व्हंटचा थेंब, पंधरा मिनिटं थांबायचं, ब्रश पूर्ण आरपार, मध्येच उलटा ओढायचा नाही, मग चिंदी. असे फेरे करत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापासून चिंदीवर राखाडी चकाकी दिसू लागली. ते शिसं. चार घरं अशी साफ झाली. दोन घरांतलं कडं उरलं.

त्या दोन घरांसाठी झिजक्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळले. इथे जपा. भांड्यांच्या दुकानात 'तांब्याची' म्हणून मिळणारी घासणी पुष्कळदा लोखंडाची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर ती भांड्यांसाठीच ठेवा, हत्यारात घालू नका. आम्ही आणलेल्या दोन घासण्यांपैकी एक चिकटली. खऱ्या तांब्याच्या धाग्यांनी दोन्ही कडी निघाली. पुंगळी आता नुसत्या बोटाने तळापर्यंत जाते.

यानंतर दोन जागा, ज्या लोक विसरतात. या रिव्हॉल्व्हरची घरं मागून खोलगट आहेत, काडतुसाची कडा त्या खळग्यात बसते. खळग्यात किटण साचलं की काडतूस केसभर वर राहतं आणि सिलिंडर मागच्या भिंतीला घासत फिरतं. दात कोरायच्या काडीने सहाही खळगे खरवडले. दुसरी जागा इजेक्टरच्या चांदणीखाली, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या चकतीखाली. रॉड दाबून धरा, चांदणी वर येईल, तिच्या पोटात आणि खालच्या बैठकीत न जळलेल्या दारूचे दाणे दिसतील. एक दाणा अडकला तरी सिलिंडर जड होतं. जुना टूथब्रश, कोरडा. तिथे तेल लावू नका, तेलाला दाणे चिकटतात. आणि पुढे कायमसाठी: पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून काढा, म्हणजे दाणे खाली पडतात, चांदणीखाली जात नाहीत.

नळी. रिव्हॉल्व्हरची नळी मागून सळईने साफ करता येत नाही, फ्रेम आड येते. पुढून सळई घातली तर तोंडाची कड घासली जाते आणि नेम त्या कडेवर अवलंबून असतो. म्हणून गवत कापायच्या यंत्रातली दोन मिमीची नायलॉन दोरी घेतली, एक टोक लायटरने वितळवून बोंड केलं, चिंदीला बारीक भोक पाडून ती बोंडाला अडकवली. दोरी मागून घालायची, पुढून ओढायची. कॅम्पातल्या निवृत्त फौजींचा पुलथ्रू तोच, फक्त बारीक.

सफाईनंतर फट पुन्हा मोजली. सिलिंडर मागे दाबून ०.१५ मिमी, पुढे दाबून ०.१०. म्हणजे पुढे-मागे खेळ ०.०५ मिमी. दोन्ही आकडे चांगले. फट ०.२५ च्या पुढे गेली असती तर बाजूने शिशाचे कण उडणं वाढलं असतं आणि कारागिराशी वेगळं बोलावं लागलं असतं.

३० जून

गंज. आधी एक बाटलीतला रस्ट रिमूव्हर मुठीखाली, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीने लावून पाहिला. बघता बघता निळा रंग जाऊन राखाडी डाग. चूक त्या द्रवाची नाही. पोलादावरचा निळा-काळा रंग हाच मुळात लोखंडाचा ऑक्साइड आहे. तांबडा गंज खाणारं आम्ल काळा थरही खातं. ज्यांना मूळ रंग राखायचा आहे त्यांनी या बाटल्यांना हात लावू नये.

जे चाललं ते: हलकं तेल भरपूर लावून दोन दिवस तसंच ठेवलं. मग पितळी पट्टीची कड चपटी धरून, तेलात, हलक्या हाताने. पितळ पोलादापेक्षा मऊ आणि गंज भुसभुशीत, त्यामुळे तांबडं निघतं, निळं राहतं. तेल तपकिरी झालं की पुसायचं, नवं घालायचं. नळीवरचा पट्टा गेला, खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले. ते राहू द्यावेत. खड्डे काढायला पॉलिश केलं की आजूबाजूचं अक्षरांकन पुसट होतं आणि हत्यार कायमचं उतरतं.

मुठीच्या अक्रोडी फळ्यांना आतून-बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. एक रात्र, मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. जाड थर चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

१४ जुलै

हुबळीकडे परवानाधारक कारागीर. हत्यार कुलपाच्या पेटीत, परवाना सोबत, काडतुसं घरी.

इथली तक्रार: थंडीत बार हुकतो. पुंगळीच्या कडेवर खूण उमटते पण उथळ. घरच्या मंडळींचं निदान 'स्प्रिंग मेली', आणि नवी स्प्रिंग शोधायचा खटाटोप सुरू होणार होता. कारागिराने साइडप्लेट उघडली. उघडण्याची पद्धत पाहण्यासारखी: स्क्रू काढले, मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने टकटक केली, प्लेट हादऱ्याने आपोआप वर आली. तिच्या कडेत पातं घालून उचकटणारा कारागीर दिसला तर हत्यार परत घ्या. एकदा वाकलेली प्लेट पूर्ववत बसत नाही.

आत पिवळसर, मेणासारखा थर, घोड्याच्या बुंध्याभोवती आणि सरकत्या भागाच्या खोबणीत. खोबरेल. कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल सोडत आलंय. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. घोडा गोठलेल्या तेलातून वाट काढत येतो, वेग कमी पडतो, रिमफायर (कडेवर ठोका बसून वाजणाऱ्या) काडतुसाची कडा पुरेशी चेपत नाही. उन्हाळ्यात तेच हत्यार नीट वाजतं, म्हणून दोष कुणाला सापडत नाही.

सगळं धुतलं. मग मुठीच्या पुढच्या बाजूचा, मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू तपासला. तो पाऊण फेरा सैल होता. चाप हलका लागावा म्हणून लोक हा सैल करतात, आणि तो पूर्ण आवळलेलाच असावा लागतो. स्प्रिंग तीच ठेवली. फायरिंग पिनचं टोक ठीक. घोडा अगदी सावकाश मागे ओढत सहाही घरांवर कुलूप वेळेवर पडतं का ते पाहिलं: सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव दिला तरी घोडा पूर्ण चढण्याआधी खटका ऐकू येतो, सहाही वेळा. म्हणजे वेळ जुळते आहे.

तेल: दोन टिपूस हलकं यंत्रतेल, चापाच्या आणि घोड्याच्या खिळीला. बस. मजुरी ८०० रुपये. नवी स्प्रिंग बसवली असती तर पैसे जास्त गेले असते आणि थंडीतली तक्रार तशीच राहिली असती.

११ ऑगस्ट

आर्द्रतेचा बंदोबस्त. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये घरात ठेवलेल्या मीठाला पाणी सुटतं, तिथे पोलादाची काय कथा. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात साडेतीनशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक ठेवलं. आधी ते खरं बोलतंय का ते तपासलं: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चिखल होईल इतकंच पाणी, मापकासकट बंद पिशवीत आठ तास. आकडा ७५ यायला हवा. आपला ७९ दाखवतो, म्हणून चार वजा करून वाचायचा.

कप्प्यात सुरुवातीला ८४. अर्धा किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी ५२. दाराच्या फटीला रबरी पट्टी लावल्यावर ४७. एवढं पुरे. आकडा ५५ च्या वर गेला की जेल वाळवायचं: जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हलवत, रंग परत येईपर्यंत. मोठ्या आचेवर दाणे तडकतात आणि रंग देणारा पदार्थ जळतो, मग ओला-कोरडा ओळखता येत नाही. ही कढई पुन्हा स्वयंपाकात नको.

हत्यार व्हीसीआय कागदात, जेल कागदाबाहेर. म्यान वेगळ्या खोलीत. काडतुसं वेगळ्या कुलपात.

२२ सप्टेंबर

पहिली रेंज. पाऊस उघडलेला, सकाळची हवा थंड. काडतुसं स्टँडर्ड वेलॉसिटी, ४० ग्रेनची गोळी. वेगवान काडतुसांची जुन्या के-२२ ला गरज नाही. 

बार एकही हुकला नाही. पुंगळ्या अंगठ्याच्या दाबाने निघाल्या. पण पन्नासाव्या काडतुसाच्या आसपास सिलिंडर उघडेना. कळ पुढे जाते, सिलिंडर हलत नाही. आत काय भरलंय ते दिसत नाही, म्हणून हत्यार भरलेलंच समजायचं: नळी टारगेटकडे, बोट चाप-कड्याबाहेर, बाकी सगळे मागे. कारण मॉडेलच्या शिक्क्यात होतं. सुलट्या आट्यांचा रॉड बारांच्या हादऱ्याने आणि फिरण्याने सुटत जातो, लांब होतो, आणि त्याचं पुढचं टोक नळीखालच्या कडीत अडकून बसतं. उपाय बाजूला उभं राहून, नळीपुढे हात न नेता: घोडा किंचित मागे, सिलिंडर मोकळं फिरेल एवढाच, आणि तिथेच घट्ट धरायचा. रॉडचं खरखरीत टोक बाजूने चामड्याच्या तुकड्यात धरायचं आणि सिलिंडर हाताने फिरवत रॉड आवळायचा. दोन वेढ्यांत उघडलं. हे एकट्याने करू नका. रेंजवरच्या जबाबदार माणसाला सांगून, त्याच्यासमोर.

नुसता हाताने आवळलेला रॉड त्याच सकाळी पुन्हा सुटला. तिथेच थांबलो.

२९ सप्टेंबर

पुन्हा कारागीर. सहाही घरांत रिकाम्या पुंगळ्या घातल्या. त्या नसतील तर रॉड फिरवताना चांदणीच्या बारीक खुंट्यांवर सगळा ताण येतो आणि त्या वाकतात. खुंट्या वाकल्या की सहा घरांचा मेळच जातो. रॉडचं टोक चामडं गुंडाळून हातड्रिलच्या चकमध्ये, सिलिंडर हाताने फिरवून सोडवलं. पकडीने धरलेल्या रॉडवर दात उमटतात आणि रॉड वाकडा होतो, मग सिलिंडर लंगडत फिरतं. आटे धुऊन कोरडे केले, कमी ताकदीच्या लॉकटाइट २२२ चा (आटे सुटू न देणारा गोंद) एक ठिपका, आवळून चोवीस तास ठेवलं. लाल लॉकटाइट नको, ते पुढे सोडवायला तापवावं लागतं. खर्च ३०० रुपये, आणि जाण्यायेण्यात एक रविवार.

१३ ऑक्टोबर

खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली. परंपरा ठेवायचीच, पण हळद-कुंकू ओलं करून लोखंडावर लावलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर तिथे बोटाच्या आकाराचा गंज येतो. अनेक घरांतल्या तलवारींवरही तो दिसतो. या वेळी हत्यार रिकामं करून, सिलिंडर उघडं ठेवून, पाटावर व्हीसीआय कागदावर मांडलं. गंध-फूल कागदावर, अक्षता कोरड्या. आरती झाल्यावर लगेच सबंध हत्यार पुसून तेलाचा हात. कुंकवाचे कण चापाच्या फटीत जातात, तिथे कोरडा ब्रश फिरवला.

२७ ऑक्टोबर

घरनिहाय चाचणी. नुसतं 'नेम बरा लागतो' यावर थांबू नका. सहा घरं म्हणजे सहा वेगळे आरंभ आहेत आणि त्यातलं एक खोडकर असू शकतं. सिलिंडरवर फेल्ट पेनने १ ते ६ आकडे. २५ मीटर, मनगटाखाली वाळूची पिशवी, प्रत्येक घराला वेगळा कागद, प्रत्येकी पाच बार. पिशवी मनगटाखालीच ठेवा. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू आणि शिसं बाजूला उडतं, तिथे ना बोट असावं ना कापड.

पाच घरांचे गट (कागदावरच्या छिद्रांचा पसारा) ३५ ते ४५ मिमीत. चौथ्याचा ७८. चौथ्या घराच्या मागच्या कडेला टॉर्चखाली पाहिलं: रिकाम्या घरावर घोडा मारल्याने पडलेली चेप, आणि तिच्यामुळे आत आलेलं बारीक नख. काडतूस तिरकं बसतं. .२२ ला कोरडा घोडा का मारू नये याचं हे थेट उत्तर. पिन काडतुसाच्या कडेवर मारण्यासाठी आहे, काडतूस नसेल तर ती घराच्या कडेकडे जाते. हे नख कानशीने काढायचं नसतं. त्यासाठी घराच्या मापाचं खास हत्यार आहे, जे धातू न खरवडता मागे दाबतं. कारागिराकडे ते होतं. काम पाच मिनिटांचं, मजुरी २०० रुपये.

सरावासाठी कोरडा चाप ओढायचाच असेल तर घरांत वापरलेल्या पुंगळ्या घाला आणि प्रत्येक फेरीला थोड्या फिरवा, म्हणजे पिन नव्या जागी पडेल.

१७ नोव्हेंबर

चौथं घर पुन्हा तपासलं, गट ४३ मिमी. आता सगळी घरं एका माळेत. त्यानंतर साइट जुळवली. मागची साइट क्लिकवर चालते. गोळ्या जिकडे न्यायच्या तिकडे मागची साइट सरकवायची, पुढची माशी जागेवरच. माशी टारगेटच्या काळ्या वर्तुळाच्या तळाला भिडवून नेम धरला. २५ मीटर प्रिसिजन टारगेटचं दहाचं वर्तुळ ५० मिमीचं, त्यामुळे हात पिशवीवर टेकवून मारल्यावर हत्यार स्वतः दहात राहतं. बाहेर गेलेले हातामुळे.

दर पन्नास-साठ बारांनंतर रेंजवरच घरांतून कोरडा ब्रश. घरांत तेल ठेवायचं नाही, ते काजळी धरतं आणि काडतुसाच्या दारूपर्यंतही पोचू शकतं. घरी जाण्याआधी साबणाने हात धुवा. शिसं फक्त गोळीतच नसतं, काडतुसाच्या स्फोटकातही असतं.

बाहेर नेण्याबद्दल बरेच जण विचारतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भटकायला जाताना हे सोबत नको. भीमगड अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही, हत्याराचा परवाना खिशात असला तरी. शेतावर टिनाचे डबे मांडून मारणंही नको. .२२ ची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि दगडावरून उसळते. मागे मातीचा बांध असलेली, परवानगीची रेंज हीच जागा.

आतापर्यंतचा खर्च: टूलरूमचं पातं १५०, फीलर गेज १८०, ब्रश आणि सॉल्व्हंट १,४००, घासण्या ६०, आर्द्रतामापक ३५०, सिलिका जेल आणि रबरी पट्टी ३८०, व्हीसीआय कागद १२०, मजुरी तिन्ही वेळची मिळून १,३००. एकूण ३,९४० रुपये, काडतुसं आणि प्रवास सोडून.

राहिलेलं काम: मागच्या साइटचं पातं आडवं किंचित हलतं. स्क्रूचा दोष दिसत नाही, खाचेत काजळी असावी. आधी सॉल्व्हंटने धुऊन बघायचं. त्याने नाही थांबलं तर कारागिराला दाखवायचं.